मुंडीचा मान

आमच्या सासऱ्यांच्या उजव्या हाताला दोनच बोटं आहेत, अंगठा आणि त्याच्या शेजारचं. बाकीची तीन त्यांच्या सख्ख्या भावाने तोडली. उरलेल्या दोन बोटांच्या चिमटीत ते आमच्या प्रार्थनाघरात प्रभुभोजनाचा द्राक्षरसाचा प्याला धरायचे, पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, मागोमाग ओळीओळीने फिरायचे, आणि कधी थेंब सांडला नाही. नवीन आलेली माणसं प्याल्याकडे कमी आणि त्या हाताकडेच जास्त बघायची. मला संताप यायचा. प्याला पुसायचा पांढरा रुमाल मी शिवला होता, चारी कडांना बारीक हातशिलाई घालून. त्याच्याकडे बघा की मेल्यांनो.

मी मूळची एकलहऱ्याची. वडील वीज केंद्रात होते. तीन पिढ्यांपासून आम्ही ख्रिस्ती, म्हणजे रविवारी इस्त्रीचे कपडे, पेटीवर गीतं, आणि कोंबडी आणायची ती दुकानातून, सोलून. दीपकशी लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "डोंगरातली माणसं साधी असतात, मनीषा. तू तोंड आवरून राहा." साधी माणसं! त्या साध्या माणसांच्या घरात पहिल्याच वर्षी मी जेवढं रक्त पुसलं, तेवढं आमच्या कॉलनीतल्या दवाखान्यातल्या नर्सनेही पुसलं नसेल. तोंड मात्र मी अजून आवरलेलं नाही.

आमचं घर हरसूलच्या वर, एका पाड्यावर. दीपक पिकअप चालवतो, पाड्यावरची भाजी नाशिकच्या मार्केटला नेतो. माझं हरसूलला शिलाईचं दुकान आहे. सासऱ्यांचं नाव सावळीराम भोये. मी त्यांना मामा म्हणते, आमच्याकडे सुना सासऱ्यांना तसंच म्हणतात. सासू कुसाबाई. आणि बांधाच्या पलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, मामांचा धाकटा भाऊ सोमनाथ.

या भोयांच्या घराकडे पूर्वीपासून एक मान होता. पाड्याच्या देवाला वर्षाचं बकरं पडायचं, ते यांच्या घरातल्या थोरल्याने कापायचं, आणि एकाच घावात कापायचं. दुसरा घाव घालावा लागला तर लोक काही न बोलता घरी जायचे. कापणाऱ्याला मुंडी मिळायची. ती पितळेच्या ताटात, वर फडकं टाकून, वाजतगाजत त्याच्या घरी जायची. मुंडी ज्याच्या घरी गेली तो पाड्यातला पहिला माणूस. लग्न असो, बारसं असो, त्याच्या आधी कुणी घास उचलायचा नाही.

मामांनी तरुणपणी हा मान सांभाळला. त्यांचा हात एकदाही चुकला नाही, असं पाड्यातल्या म्हाताऱ्या अजून सांगतात, आणि सांगताना माझ्याकडे अशा बघतात की जणू मीच त्यांचा कोयता लपवून ठेवलाय.

मग कुसाबाई आजारी पडल्या. दीपक तेव्हा रांगत होता. ताप उतरेना, अन्न पोटात ठरेना. मामांनी कोंबडी कापली, बकरं कापलं. शेवटी मिशनच्या एका नर्सबाईने कुसाबाईंना जीपमध्ये घालून खाली नेलं, उशाशी बसून राहिली, आणि एक दिवस कुसाबाई आपल्या पायांनी चालत घरी आल्या. मामा तडक एक बकरं खांद्यावर टाकून त्या वेळच्या म्हाताऱ्या पाळकांच्या दारात गेले. "कुठं कापू?" म्हणाले. पाळक म्हणाले, "कुठंच नको. आमच्याकडे एकदाच बळी पडला, येशूचा, तो सगळ्यांना पुरला. याला जिवंत घेऊन जा." मामा तिथेच मटकन बसले. एवढा उपकार घ्यायचा आणि बदल्यात काहीच कापायचं नाही, हे त्यांना समजायला फार दिवस लागले.

समजलं तेव्हा त्यांनी कोयता धाकट्या भावाच्या हातात दिला आणि बाप्तिस्मा घेतला. पाड्यावर ख्रिस्ती मंडळी उभी राहिली, मामा तिचे पंच झाले. आणि एक नियम त्यांनी स्वतः सांगून घालून घेतला. प्रार्थनाघराच्या अंगणात रक्त सांडायचं नाही, आणि वाहिलेलं मटण कुणी तोंडात घालायचं नाही. हा नियम मामांचा होता, हे लक्षात ठेवा.

आता सोमनाथचं ऐका. त्याला कोयता मिळाला, पण मामांचा हात कुठून मिळणार? पहिल्याच वर्षी त्याला तीन घाव लागले. अर्धी मान कापलेलं बकरं बायापोरांच्या अंगावर रक्त उडवत पळालं आणि धरून आणून संपवावं लागलं. त्या वर्षी भात करपलं, त्याचं खापर सोमनाथच्या मनगटावर फुटलं. तेव्हापासून तो देवापुढे उभा राहण्याआधी मोहाची घ्यायला लागला. घेतल्यावर नेम आणखी बिघडला. थोरल्याने मान टाकून दिला आणि धाकट्याचं हसं करून ठेवलं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. मला विचाराल तर त्यात थोडं खरंही होतं.

सोमनाथची एकुलती मुलगी हर्षाली. तिच्या लग्नात मामा मांडवाच्या मेढी पुरण्यापासून चुलाण खणण्यापर्यंत राबले. आधीच सांगून ठेवलं होतं, "सोमा, पाणी भरीन, लाकडं फोडीन. पण थोरला म्हणून लग्नाची मुंडी धाडू नको. मला घेता येणार नाय." सोमनाथ हो म्हणाला. आणि हळदीच्या दिवशी, सगळं वऱ्हाड बसलेलं असताना, वाजंत्री लावून त्याने मुंडी धाडली. चारचौघांत थोरला नाही म्हणणार नाही, असा त्याचा हिशेब. मामांनी दारात येऊन हात जोडले आणि ताट परत फिरवलं. नवरदेवाकडचं कुणीतरी मोठ्याने हसलं.

त्या हसण्यावर सोमनाथ कोयता घेऊन आला. मी दारातच होते, हातात हळदीची वाटी. त्याने मामांच्या मानेवर घाव घातला. मामांनी हात आडवा घातला आणि तीन बोटं अंगणात पडली. सोमनाथचा नेम जन्मात कधी नीट लागला नाही, म्हणून आमचे सासरे आज आहेत. दुसरा घाव दाराच्या चौकटीत रुतला. कोयता उपसायला तो वाकला, तेवढ्यात माणसांनी त्याला खाली पाडला आणि लाथांनी तुडवायला सुरुवात केली. त्याच्या तोंडातून रक्त यायला लागलं तरी कुणी थांबेना. मामा फुटक्या नळासारखा वाहणारा हात छातीशी धरून त्या माणसांवरच ओरडत होते, "मारू नका रे त्याला! त्याच्या पोरीचं लग्न हाय!" कुसाबाई सारवलेल्या अंगणात ओणव्या होऊन बोटं शोधत होत्या. दोन सापडली. तिसरं कुत्र्याने नेलं.

नाशिकला सरकारी दवाखान्यात टाके पडले आणि पोलीस जबाब घ्यायला आले.

"मळणीयंत्रात हात गेला," मामा म्हणाले.

"बाबा, वैशाखात कसली मळणी?" हवालदार म्हणाला.

"जुनं भात होतं, साहेब."

मी तोंड उघडलं. मामांनी डाव्या हाताने माझा पदर असा हिसडला की खांद्यावरची पिन तुटून मला टोचली. हवालदाराने आमच्या दोघांकडे पाहिलं, कागदाची घडी केली आणि निघून गेला. त्या दिवशी मला मामांचा जेवढा राग आला तेवढा सोमनाथचाही आला नव्हता. माणूस माफ करतो म्हणजे काय, बाकीच्यांच्या तोंडावर हात ठेवतो?

दीपक तर माझ्याही पुढचा. मामा घरी आले त्याच दुपारी त्याने कुऱ्हाड उचलली आणि बांधाकडे निघाला. मामा एका शब्दानेही "थांब" म्हणाले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातलं मुसळ डाव्या हाताने उचललं, मागून गेले आणि पोटच्या पोराच्या खांद्यावर घातलं. खांदा निखळला. दीपक खाली पडून ओरडायला लागला, कुऱ्हाड मामांनी विहिरीत फेकली. मारामारी होऊ नये म्हणून मारलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढे कितीतरी दिवस बापलेकांचे उजवे हात गळ्यात बांधलेले, आणि कुसाबाई दोघांना समोरासमोर बसवून भरवायच्या. एक घास याला, एक त्याला, आणि मध्ये मध्ये दोघांनाही शिव्या.

सोमनाथ तुरुंगात गेला नाही, पण सुटलाही नाही. पाड्यात जो तो म्हणायला लागला, भावाने सोडला म्हणून हा फिरतोय. उपकार अंगावर घेऊन जगणं त्याला जमेना. एका रविवारी तो सरळ प्रार्थनाघरात घुसला, पहिल्या रांगेपर्यंत आला आणि मामांच्या थोबाडीत मारली. "सांग ना पोलिसांना माझं नाव! सांग!" पुन्हा मारली. मामांचा ओठ फुटला. पोरं उठली तशी मामांनी त्यांना हाताने खाली बसवलं. "सोमा, च्या घेऊन जा," म्हणाले. सोमनाथ तिथेच दारात थुंकला आणि गेला. मामांनी आपला ओठ माझ्या नव्या रुमालाला पुसला. तो डाग मी कितीही घासला तरी निघाला नाही, मग दुसरा रुमाल शिवला.

हर्षाली नांदत होती ते गाव आमच्यापासून गाडीने तासाभराच्या आत. तिचा नवरा प्यायचा आणि मारायचा. एका दुपारी तिचा फोन माझ्या दुकानात आला. बापाला तिने केला नव्हता. बाप म्हणाला असता, वाजतगाजत दिलीय, आता नांद.

"वहिनी, त्यानं कोंडून ठिवलंय. पाय भाजलाय माझा. आज मला जितं सोडायचा नाय."

मशीनवरचा ब्लाउज तसाच टाकून मी दीपकला गाडी काढायला लावली. मामा शेतातून आले, सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. वाटेत एकदाच बोलले. "दीपक, हात खिशात. माझी शप्पथ." शपथ घालू नये असं आम्हाला शिकवलेलं आहे. त्या दिवशी त्यांनी घातली.

दीपकने शपथ पाळली. दार त्याने लाथेने तोडलं, हात खिशातच. आत हर्षाली जमिनीवर पडलेली, एक पाऊल घोट्यापर्यंत भाजून सोललेलं, आणि नवरा पहार घेऊन उभा. आम्हाला बघून त्याने पहार उगारली ती तिच्यावरच. मामा तिच्या अंगावर आडवे झाले. पहिला फटका त्यांच्या पाठीत बसला तेव्हा ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. दुसरा बसला. तिसरा बसला. मामांनी मानसुद्धा वर केली नाही, पोरीचं डोकं पोटाशी धरून नुसते घेत राहिले. दीपक खिशातल्या मुठी आवळून रडत होता, डोक्याने त्या माणसाला ढुशा मारत होता, आणि तो याला झटकून पुन्हा मामांकडे वळत होता.

मला कुणी शपथ घातली नव्हती. चुलीशेजारी पाण्याने भरलेला पितळी हंडा होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्या माणसाच्या तोंडावर घातला. नाक सपाट झालं, दात पाण्याबरोबर जमिनीवर आले, पहार सुटली. दुसऱ्यांदा मारायची काही गरज नव्हती. मारलं.

हर्षालीला घेऊन आम्ही सोमनाथच्या दारात आलो. मामा भिंतीला धरून उभे, दर श्वासाला तोंड वाकडं होत होतं. बरगड्या मोडल्या होत्या. सोमनाथ बाहेर आला. त्याने पोरीचा पाय पाहिला. भावाकडे पाहिलं. मग पोरीला उचलून आत नेलं आणि दार लावून घेतलं.

"काका, भावाला पाणी तरी विचारा!" मी बाहेरून ओरडले.

"चल, मनीषा," मामा म्हणाले. "त्याला आता लय जड झालं."

यावेळी पोलिसात मी गेले, आणि मळणीयंत्राचं नाव कुणी काढलं नाही.

त्या पावसाळ्यात सोमनाथने बाटलीला हात लावला नाही. पण बांधापलीकडून रोज सकाळी आवाज यायचा. खाट्. थोड्या वेळाने पुन्हा खाट्. मी एकदा कुडाच्या फटीतून पाहिलं. तो केळीचे खुंट जमिनीत रोवून कोयत्याने कापत होता. एक कापला की दुसरा. चुकला की स्वतःच्याच मनगटावर दांड्याने मारून घ्यायचा. एकदा नेम हुकला, आता नेम शिकून पुन्हा येणार. मी दीपकला सांगितलं, दाराला नवी कडी लावून घेतली, आणि मामांना एकटं शेतावर सोडणं बंद केलं. मामा हसायचे. "तू काय करशील? हंडा घेऊन माझ्यामागं फिरशील?"

"फिरेन," मी म्हटलं.

भात कापून झालं आणि आमचा हंगामाचा सण आला. या दिवशी प्रत्येक घर आपल्या पिकातलं पहिलं देवासमोर आणून ठेवतं. भाताच्या पेंढ्या, नागलीची कणसं, डांगरं, काकड्या, टोपलीत अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि थट्टामस्करीत ज्याचं त्याला मिळतं. कोंबड्या जिवंतच घरी जातात. नियम तसा आहे.

पाळकसाहेबांची आशीर्वादाची प्रार्थना नुकतीच संपली होती. आम्ही सगळे अंगणात आलो, आणि समोरून सोमनाथ आला. आंघोळ केलेला, डोक्यावर धुतलेली टोपी, खांद्यावर काळं बकरं, कमरेला कोयता. मागे हर्षाली, लंगडत, हातात पितळेचं ताट. मी धावत जाऊन मामांच्या पुढे उभी राहिले. दीपकने दारातली फळी उचलली.

सोमनाथने कुणाकडे पाहिलं नाही. त्याने बकरं प्रार्थनाघराच्या पायरीवर उभं केलं, कोयता काढला, दोन्ही हातांनी वर नेला आणि घातला.

एकच घाव. मुंडी पायरीवरून घरंगळत माझ्या पायाशी आली. धड उभ्याउभ्या दोन पावलं चाललं आणि पडलं. रक्ताचं कारंजं चुन्याच्या भिंतीवर, भाताच्या पेंढ्यांवर, अंड्यांवर, माझ्या सणाच्या साडीवर. बायका किंचाळल्या. कोंबड्या बांधलेल्या पायांनी फडफडल्या. मंडळीची तरणी पोरं सोमनाथवर तुटून पडली. कुणी पोटात गुडघा घातला, कुणी टोपी उडवली, एकाने डांगर त्याच्या डोक्यावर फोडलं. त्याच्या हातात कोयता होता. तो त्याने मारामारीच्या पहिल्या क्षणालाच लांब फेकून दिला होता, हे फक्त मी पाहिलं.

"सोडा!" मामा ओरडले. बरगड्या मोडल्यापासून एवढा आवाज त्यांनी काढला नव्हता. पोरं बाजूला झाली.

सोमनाथ गुडघ्यांवर उठला. भुवई फाटून डोळ्यात रक्त उतरत होतं. त्याने चाचपडत मुंडी उचलली, हर्षालीच्या ताटात ठेवली आणि ताट मामांपुढे धरलं.

"दादा, मुंडी. तुझा मान."

पाळकसाहेब दारातून खाली आले. तरुण माणूस आहे, मामांनीच त्याला इथे बोलावून आणलेलं. तो मामांच्या अगदी जवळ जाऊन हळू बोलला, पण मी शेजारीच होते. "सावळीरामभाऊ, हात लावू नका. इथली निम्मी माणसं कालपरवा आलेली. तुमच्याकडे बघून त्यांनी सगळं सोडलंय. नियम तुमचाच आहे. तुम्ही हे घेतलंत तर मला तुमच्या हातात प्याला देता येणार नाही." त्याचे डोळे भरले होते. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि तो चुकीचं बोलत नव्हता हेही कळत होतं.

मामा सोमनाथकडे बघत होते.

"कुणाला वाहिलंस, सोमा?"

"तुला. देवाबिवाचं मला ठाव नाय. तुला वाहिलं."

पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले. माणसाला बळी वाहिला, हे तर आणखीच वाईट झालं होतं.

"एका घावात?" मामांनी विचारलं.

"एकाच. आख्खा पावसाळा शिकत होतो." सोमनाथ ढसाढसा रडायला लागला. "मला दुसरं काय येतं, दादा? माझी पोरगी जिती आणलीस. मी तुझा हात तोडला. मी काय देऊ तुला?"

आता मामांपुढे एकीकडे ते ताट होतं आणि दुसरीकडे आमच्या माणसांनी भरलेलं आवार. मामांना प्याला किती प्यारा होता ते मला माहीत आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ते रिकाम्या तांब्यात पाणी भरून दोन बोटांनी धरायचा सराव करायचे. त्या हाताने बळी कापले आणि त्याच हाताने आता प्याला धरतो, हे त्यांच्या जन्माचं सगळं ऐश्वर्य होतं. ताट परत फिरवलं असतं तर कुणी त्यांना नाव ठेवलं नसतं.

मामांनी उजवा हात पुढे केला, दोन बोटांनी मुंडीचा कान धरला आणि ती उचलून छातीशी घेतली. सदरा लाल झाला.

"पाळकसाहेब, तुम्ही तुमचं करा. तुमचं बरोबर हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मनीषा, चूल पेटव."

मी पेटवली. दुकानातून सोललेली कोंबडी आणणाऱ्या घरातली मी. त्या दिवशी मी मुंडी जाळावर धरून केस भाजले, विळ्याने खरवडली, आणि सोमनाथच्याच कोयत्याने कवटी फोडली. पहिला घाव नीट बसला नाही, दुसरा घातला. कुसाबाईंनी खाल्लं नाही. पण मसाला त्यांनीच वाटला, आणि वाटताना वरवंटा असा आपटत होत्या की भिंतीवरची गाडगी हलत होती. मामा, सोमनाथ, दीपक, हर्षाली आणि मी अंगणात बसलो. मामांनी पहिला घास घेईपर्यंत सोमनाथने ताटाला हात लावला नाही.

मंडळीने मामांना शिस्तीखाली ठेवलं. म्हणजे पुढच्या हंगामाच्या सणापर्यंत पंचपद नाही, प्याला नाही आणि प्रभुभोजनही नाही. दीपकला आणि मलाही तेच. मी पाळकसाहेबांच्या घरी जाऊन एवढी भांडले की त्यांची बायको आतून दार लावून बसली. मामा मात्र दर रविवारी पहिल्यासारखेच सगळ्यांच्या आधी जायचे, अंगण झाडायचे, भिंतीवरचे ते डाग चुन्याने पुन्हापुन्हा रंगवायचे, आणि मागच्या सतरंजीवर बसायचे.

नाताळच्या प्रभुभोजनाला सोमनाथ आला. थुंकायला नाही, बसायला. दाराशी चपलांजवळ बसला, शेजारी हर्षाली. प्याला आता एका तरण्या पोराच्या हातात होता. दहाही बोटांनी धरला होता तरी माझ्या रुमालावर दोन थेंब सांडले. पाळकसाहेब भाकरीची थाळी घेऊन ओळीओळीने येत आमच्या सतरंजीपाशी पोचले. मामांची दोन बोटं सवयीने मांडीवरून उठली. मग त्यांनी ती मिटून घेतली. पाळकसाहेब खाली मान घालून आम्हाला ओलांडून पुढच्या माणसाकडे गेले.

"ओ पाळक!" सोमनाथ दारातून उभा राहिला. "माझा दादा राहिला."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. गीत थांबलं.

"त्याला का नाय दिलं? आधी त्याला द्या! त्याच्या आधी कुणी घास उचलायचा नाय!" तो चपला तुडवत पुढे आला, मुठी वळलेल्या, फाटून शिवलेली भुवई थरथरत होती. समोरची पोरं उठून उभी राहिली. दीपक मध्ये पडायला धावला. मी आजूबाजूला हंडा शोधायला लागले, खरंच सांगते.

मामा बसल्या जागेवरून वळले. त्यांनी ती दोन बोटं वर करून भावाचा हात धरला आणि त्याला आपल्या शेजारी सतरंजीवर ओढला.

"बस, सोमा," ते म्हणाले. "माझं जेवण झालंय."